भरलेली पाटी

चित्र कसे काढावे हे मी बत्तीस वर्षे ठाण्याच्या एका शाळेत मुलांना शिकवले. ते कसे पाहावे हे मात्र मला गेल्या दिवाळीत माझ्या आत्याने शिकवले. आणि तेही समोर फराळाचे ताट असताना, चकली मोडता मोडता. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. चित्रकलेशी तिचा संबंध दारातल्या रांगोळीपुरता. पण चाळीस वर्षे तिने कल्याणच्या बाजारात, पारनाक्याच्या अंगाला, रस्त्यावर बसून भाजी विकली आहे, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. तिच्याआधी माझी आजी तिथेच बसे. आमच्या घराण्यात पेन्सिल हाती धरून पगार घेणारा पहिला मीच, आणि त्या पेन्सिलीचे पैसे त्या पाटीतून आले. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी जे टीकेसारखे काही लिहिणार आहे ते तिऱ्हाइताचे नाही, हे वाचकांना ठाऊक असलेले बरे.

झाले असे, की डोंबिवलीच्या एका चित्रवेड्या मित्राने दिवाळीच्या सुटीपुरती तीन जाडजूड पुस्तके माझ्या हवाली केली होती. 'तेलाचा हात लागता कामा नये' ही अट. तिन्ही पुस्तके एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे येऊन गेलेल्या इंग्रज चित्रकारांच्या जलरंगचित्रांची. त्यांतले एक 'इंडियन लाइफ अँड लँडस्केप' नावाचे, पॉलीन रोहतगी आणि ग्रॅहॅम पार्लेट यांनी सिद्ध केलेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अशी चित्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने येथे आणून दाखवली, त्या निमित्ताने 2008 साली निघालेला हा ग्रंथ. मी पुस्तक उघडून ठेवले आणि चहा टाकायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तो आत्या पदराला हात पुसून पाने उलटीत होती. अट मोडलीच होती. मी गप्प बसलो.

बरीच पाने झाली. देवळासमोरचे चौक, नदीचे घाट, मंडईचे रस्ते. एक पुस्तक संपले, दुसरे तिने पुढ्यात ओढले. आणि एकाएकी म्हणाली,

"काय रे मास्तर, ह्या सगळ्या बायकांच्या पाट्या भरलेल्याच कशा?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अरे, सावल्या बघ केवढ्या लांब पडल्यात. उन्हं उतरलीत. आणि पाटीला तर कुणाचा हात लागलेला दिसत नाही. म्हणजे ह्यांचा आज धंदाच झाला नाही. आणि बसल्यात बघ कशा निवांत!"

मी शिक्षकी स्वभावाप्रमाणे दुरुस्ती केली. म्हटले, सावल्या सकाळीही लांब असतात. हे सकाळचे चित्र असेल.

"सकाळी?" आत्या हसली. "सकाळी भवानी व्हायच्या आधी कुणी असं गुडघ्यावर हात टाकून बसतं होय? जागा धरायची, पाणी मारायचं, जुड्या सोडायच्या, वर ओलं फडकं घालायचं. अशी उघडी पाटी टाकून बसली, तर दहा वाजेस्तोवर माठ मान टाकतो."

एवढे बोलून ती करंजीकडे वळली. माझी दिवाळी मात्र तिथेच थांबली.

ही चित्रे मी विद्यार्थीदशेपासून पाहत आलो आहे. त्यांतला छायाप्रकाश, मांडणी, दूरच्या घरांचे निळसर होत जाणे, हे सारे मी मुलांना फळ्यावर समजावून सांगितलेले आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येक मराठी मुलाने मेमरी ड्रॉइंगमध्ये कधी ना कधी बाजाराचा देखावा काढलेला असतो. त्या देखाव्यात भाजीवाली असते, तिच्यापुढे पाटी असते, आणि पाटी काठोकाठ भरलेली असते. वांगी जांभळी, टोमॅटो लाल, मिरची हिरवी. रिकामी पाटी काढणारा मुलगा मला बत्तीस वर्षांत भेटला नाही. भेटला असता तर मी त्याला 'चित्र अपुरे' म्हणून गुण कमी दिले असते. मी, ज्याच्या घरी संध्याकाळी सातला पाटी रिकामी होऊन आली तरच चूल वेळेवर पेटत असे! घरातल्या पाटीचे शास्त्र आणि कागदावरच्या पाटीचे शास्त्र ही दोन मी आयुष्यभर निरनिराळ्या कप्प्यांत ठेवली होती, आणि आत्याने एका वाक्यात मधली फळी काढून टाकली.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून पाहू लागलो.

रस्त्यावरच्या माणसांची चित्रे काढण्याची ही टूम निघाली ती कंपनी सरकारच्या अमदानीत. तंजावर, मुर्शिदाबाद, पाटणा, कलकत्ता या ठिकाणचे आपलेच चित्रकार साहेबलोकांसाठी जलरंगात संच करून देत. तंजावरला तर राज्य भोसल्यांचे. तिथल्या चित्रकारांनी काढलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या प्रसिद्धच आहेत. न्हावी आणि त्याची बायको, कुंभार आणि त्याची बायको, कासार, सोनार, पखालवाला भिस्ती. प्रत्येकाच्या हाती धंद्याचे हत्यार, पायांखाली जमिनीची एक पट्टी, मागे नुसता कोरा कागद, आणि खाली जातीचे नाव. विलायतेस परत जाताना साहेब हा संच ट्रंकेत घालून नेई. त्या चित्रांत कारागिरी आहे; पण त्यांतला माणूस रस्त्यावरून उचलून आणलेला आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही, शेजारी नाही, ऊनही नाही. न्हाव्यासमोर डोके नाही! तेव्हा ह्या चित्रांतली पाटी भरलेली असते यात नवल नाही. तिथे पाटी हे हत्यार आहे, आणि हत्यार पूर्ण दिसले पाहिजे.

ह्याच्या उलट जे चित्रकार माणसाला त्याच्या रस्त्यावर ठेवून रंगवू लागले, त्यांत मला विल्यम कार्पेंटर हा सर्वांत जवळचा वाटतो. जन्म 1818 चा. आई मार्गारेट कार्पेंटर ही व्यक्तिचित्रांबद्दल नावाजलेली चित्रकर्ती, वडील ब्रिटिश म्युझियममध्ये चित्रविभागाचे प्रमुख. म्हणजे घरात रंग आणि घरातच संग्रहालय. हा गृहस्थ 1850 साली मुंबईत उतरला आणि 1856 पर्यंत ह्या देशात हिंडत राहिला. मुंबई, पुणे, राजपुताना, दिल्ली, पंजाब, काश्मीर. राजेरजवाड्यांची चित्रे त्याने काढली, पण त्याचे मन रमलेले दिसते ते गल्ल्यांत, बाजारांत, मशिदींच्या पायऱ्यांवर. घाईने आलेला प्रवासी भर दुपारीही काहीतरी काढून मोकळा होतो. कार्पेंटरला सहा वर्षे होती, आणि त्या सहा वर्षांचा संथपणा त्याच्या सावल्यांत उतरला आहे. त्याची सावली काळी नसते. तिच्यात भिंतीचा रंग असतो, शेजारच्या कापडाचा रंग असतो, आणि तिच्यात बसलेल्या माणसाला खरोखर गार वाटत असेल असे वाटते. आपल्याकडच्या उन्हाला भिऊन सावलीत बसणे म्हणजे काय, हे ज्या परदेशी माणसाला कळले, त्याला अर्धा हिंदुस्थान कळला म्हणायला हरकत नाही.

जलरंगाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे, कारण आत्यालाही ती फार आवडली. ह्या रीतीच्या चित्रांत पांढरा रंग शक्यतो लावायचा नसतो. जिथे लख्ख ऊन दाखवायचे तिथे कागद तसाच कोरा सोडायचा. म्हणजे सगळा खटाटोप सावलीचा. उन्हासाठी काहीच करायचे नाही, फक्त हात आवरायचा. "म्हणजे न रंगवलं ते ऊन?" आत्याने विचारले. मी होय म्हटले. "मग बरं आहे, स्वस्तात ऊन!" त्या काळच्या विलायती रंगपेट्यांत 'इंडियन येलो' नावाचा एक पिवळा असे. हा पिवळा कुठून येतो याचा शोध घेऊन त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी 1883 साली लिहून ठेवले, की मुंगेरजवळच्या मिर्झापुरात गाईंना आंब्याची पाने खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून तो करतात. आत्याला यात काही नवल वाटले नाही. "झेंडूचा पिवळा असाच गाईम्हशींच्या खतातून येतो," एवढेच म्हणाली.

आणि ज्या चित्रांत एवढे ऊन भरलेले आहे, त्यांनाच ऊन सोसत नाही. जलरंग उजेडाने विटतात. म्हणून जगातली सगळी संग्रहालये ही चित्रे मंद उजेडात टांगतात, आणि काही महिने झाले की पुन्हा पेटीत ठेवतात. मुंबईच्या त्या प्रदर्शनात मी डोळे ताणून पाहिल्याचे मला आठवते. बाहेर काळ्या घोड्याजवळ रणरणते ऊन, आत अंधुक दालन, आणि त्या अंधुक दालनात पुन्हा दीडशे वर्षांपूर्वीचे रणरणते ऊन!

कार्पेंटर परत गेला आणि वर्षभरात 1857 चा वणवा पेटला. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ला दिल्लीची चित्रे हवी होती, ती ह्याच्याकडे तयार होती. त्याने काढले होते निवांत दिवस. वाचकांनी ते पाहिले युद्धाच्या बातमीशेजारी. आणि लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली दाट वस्ती इंग्रजांनी बंडानंतर पाडून सपाट केली, तेव्हा त्या भागाच्या जुन्या चित्रांना पुराव्याची किंमत आली. येथूनच ह्या सगळ्या चित्रांना एक शाप लागला, असे मला वाटते. आपण ती चित्रे म्हणून पाहतच नाही. 'अमुक वाडा तेव्हा असा होता', 'तमुक पगडी अशी बांधीत', अशा दाखल्यांसाठी ती पाहतो. इतिहासाचे प्राध्यापक त्यांतली खिडकी मोजतात, वेशभूषेचे अभ्यासक काठ मोजतात. पाटी कुणी मोजत नाही.

पण आत्याच्या प्रश्नाचे काय? कार्पेंटरही त्या दोषातून सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याचा बाजार फार शांत आहे. त्यात भाव होत नाही, कुणी कुणावर ओरडत नाही, वजनावरून कुणी हुज्जत घालीत नाही. भरलेली पाटी त्याला रंगाचा ठिपका म्हणून हवी असते. करड्या भिंतीच्या पायथ्याशी एक हिरवा-तांबडा ठिपका पडला की चित्र जमते, हे मीही शिकवलेच आहे. विकणारीला मात्र तोच ठिपका उतरत्या उन्हात पोटात गोळा आणतो. चित्रकार आणि भाजीवाली एकाच पाटीकडे पाहत आहेत, आणि एकाचा आनंद ती दुसरीची काळजी आहे. ह्या विचाराने मी इतका हरखून गेलो, की त्याच रात्री त्यावर चार पाने लिहून काढली. त्यांत 'रम्यतेचे राजकारण' वगैरे शब्दही घातले होते. ती पाने आता फाडली आहेत. का, ते पुढे येईल.

एक गोष्ट मात्र मी त्या पानांतून वाचवून ठेवली. कार्पेंटरने हिंदुस्थानात काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात भरले ते 1881 साली, आणि मग ती सुमारे पावणेतीनशे चित्रे संग्रहालयाने एकगठ्ठा विकत घेतली. हेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झाले. म्हणजे 1856 ला परतलेला माणूस पंचवीस वर्षे ती चित्रे जवळ घेऊन होता. उन्हे उतरली, सावल्या लांबल्या, आणि ह्याचीही पाटी भरलेलीच! आत्याला हे सांगितले तेव्हा ती प्रथमच त्या साहेबाविषयी कळवळून बोलली. "अरेरे," म्हणाली, "शेवटी ठोक भावात दिली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक प्रश्न टाकला. "ह्यात आपलं कल्याण कुठं आहे?"

मी तिन्ही पुस्तके चाळली. मुंबई होती, पुणे होते, कार्ल्याची लेणी होती. कल्याणचा बाजार नव्हता, ठाण्याचा रस्ता नव्हता. मला याचा राग आला. आणि राग आला म्हणजे माणूस नकाशा उघडतो. खरे कारण अगदी साधे आहे. रेल्वेपूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य होडीने पनवेलला उतरे आणि तेथून बोरघाट चढे. घाटातली गाडीवाट 1830 साली खुली झाली. पनवेल, खोपोली, खंडाळा, कार्ले हा चित्रकारांचा ठरलेला मार्ग झाला तो त्यामुळे. ठाणे आणि कल्याण त्या वाटेवर पडतच नाहीत. मग 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि 1 मे 1854 ला ती कल्याणला पोहोचली. आता आमची गावे वाटेवर आली खरी, पण वाटसरू थांबेनासा झाला. ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावरून धूर सोडीत जाणाऱ्या गाडीचे ते जुने चित्र सर्वांनी पाहिलेले आहे. त्यात पूल आहे, गाडी आहे. पुलाच्या ह्या टोकाला एक गाव आहे आणि त्या गावात कुणीतरी मासळीची पाटी घेऊन निघाले आहे, याची त्यात दखल नाही. आधी होडीने आम्हाला वगळले, मग गाडीने. जुन्या ग्रीक व्यापाऱ्यांना 'कल्लिएना' म्हणून ठाऊक असलेले बंदर, शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये घेतलेले ठाणे, दुर्गाडीची खाडी, आणि एवढ्या सगळ्या इतिहासाला बाजाररस्त्याचे एक ओले चित्र नाही! 1882 चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर दोन खंडांत आमची माणसे शब्दांनी मोजते. ते वाचावे आणि रंग आपल्या मनाने भरावे.

निदान आपल्या माणसांपैकी कुणी हे केले का? येथे महादेव विश्वनाथ धुरंधरांचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. कोल्हापूरचा हा मुलगा 1890 साली जे. जे. स्कूलमध्ये आला, ग्रिफिथ्ससाहेबांच्या हाताखाली शिकला, तिथेच मास्तर झाला आणि 1931 साली निवृत्त झाला. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आपल्या आठवणींचे पुस्तक त्यांनी 1940 साली काढले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे त्यांनी किती काढली याला गणती नाही. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' ह्या पुस्तकाच्या 1912 च्या आवृत्तीतली चित्रे त्यांची. ऑटो रॉथफील्ड यांच्या 1920 च्या 'विमेन ऑफ इंडिया' मधली अठ्ठेचाळीस रंगीत चित्रेही त्यांचीच. त्यांची ही छापील चित्रे विसाव्या शतकातली, पण हात घडला तो एकोणिसाव्यातच.

धुरंधरांची चित्रे आत्यासमोर ठेवली आणि तिची बसण्याची तऱ्हाच बदलली. इंग्रजांच्या चित्रांतल्या बायका लुगडे गुंडाळून घेतलेल्या असतात. ग्रीक पुतळ्याच्या अंगावरचे वस्त्र त्यांच्या डोळ्यांसमोर असावे. धुरंधरांची बाई नऊवारी नेसलेली असते. कासोटा कुठे खोचला आहे, ओचा कुठे सुटला आहे, कामाच्या बाईचे लुगडे किती वर आणि देवळाला निघालेल्या बाईचे किती खाली, हे त्यांना विचारून घ्यावे लागले नाही. आत्या एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत होती: ही घरंदाज, ही कष्टाची, हिची ओटी भरलेली दिसते. पाटीबद्दल तिने काहीच काढले नाही. मी मुद्दाम विचारले, तर म्हणाली, "ह्या बायकांच्या पाट्यांकडे लक्षच जात नाही रे. चालीकडे जातं."

मला वाटते, धुरंधरांविषयी एवढे नेमके मी छापलेले कुठे वाचलेले नाही.

आणि तरी 'विमेन ऑफ इंडिया' चाळताना एक खडा दाताखाली येतोच. चित्रांखालची नावे पाहा. मुंबईची एक कोळीण. देवळाला निघालेली एक ब्राह्मण स्त्री. तो 'एक' मला बोचतो. तंजावरच्या जोड्यांखाली जातीचे नाव होते. शंभर वर्षांनी, आपल्याच चित्रकाराने इतक्या ओळखीने काढलेल्या बाईखाली छापताना पुन्हा तेच. हा दोष धुरंधरांचा कमी आणि पुस्तकाचा जास्त. ते पुस्तकच 'हिंदुस्थानातील स्त्रियांचे प्रकार' सांगायला निघालेले. पण राजाच्या चित्राखाली राजाचे नाव असते आणि कोळणीच्या चित्राखाली 'एक' असते. कोणातरी एका बाईने काही वेळ उभे राहून दिले असेल ना? तिला घरी जाऊन सांगावेसे वाटले असेल ना, की आज माझे चित्र काढले?

असे मी तावातावाने बोलत असताना भाऊबीज उजाडली. सकाळी आत्याला घेऊन कल्याणला गेलो. तिच्या जुन्या जागेवर आता तिच्या धाकट्या जावेची सून बसते. झेंडू शेवटच्या फेरीचा होता. आत्या सवयीने खाली बसली आणि तिने सुनेच्या पाटीत हात घातला. वरचे फुलांचे थर बाजूला केले, तर खाली गवत! चांगले वीतभर गवत, त्यावर गोणपाट, आणि त्यावर चार बोटे झेंडू.

"हे काय?" मी विचारले.

"काय म्हणजे? पाटी रिकामी दिसली तर गिऱ्हाईक थांबत नाही. उरलेला माल म्हणून पुढं जातं. निम्मी सरली की खाली गवत घालायचं, माल वर आणायचा. तुझी आजी पालथी टोपली घालायची."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. "मग त्या दिवशी तूच म्हणालीस ना, भरलेली पाटी म्हणजे धंदा झाला नाही म्हणून?"

"म्हटलं तर. बाई निवांत बसली होती म्हणून तसं वाटलं. आता वाटतं, असेलही गवत खाली. साहेबाला काय दिसणार?"

माझी चार पाने फाडली गेली ती येथे. चित्रकाराने पाटी खोटी भरली असे मी म्हणत होतो. कदाचित पाटीवालीनेच ती भरली होती, आणि चित्रकाराने ती जशीच्या तशी काढली. गिऱ्हाइकासाठी केलेली मांडणी साहेबालाही खपली. मग त्या चित्रात फसलेला कोण, आणि दृश्य मांडणारा खरा चित्रकार कोण? कार्पेंटरची चित्रे मी त्यानंतर पुन्हा काढून पाहिली. आता त्या सावलीत बसलेल्या बायका मला तितक्या बिचाऱ्या वाटत नाहीत. त्यांच्या निवांतपणातही मला थोडा कावा दिसू लागला आहे. गुडघ्यावर हात टाकून बसलेली बाई 'मला विकायची घाई नाही' असे दाखवीत असेल. भाव पाडून मागणाऱ्यासमोर आत्या अजूनही तशीच बसते. हे चित्रात आहे की माझ्या मनात आहे, हे मी सांगू शकत नाही. पण चित्र इतके बारकाईने काढलेले नसते, तर हा संशय घ्यायलाही जागा उरली नसती, हे श्रेय त्या चित्रकाराला दिलेच पाहिजे.

परतताना गाडीत आत्याने पिशवीतून एक फोटो काढला. बाजारातला तिचा असा हा एकच फोटो. कुणी एक कॉलेजचा मुलगा दसऱ्याच्या आदल्या दिवशी येऊन काढून गेला होता, आणि पुढे आठवणीने आणूनही दिला. पाटीत झेंडूचा ढीग, मागे आत्या, डोळे उन्हाने बारीक केलेले. मला तो फोटो फार आवडला. मी खिशातले पेन काढले आणि म्हटले, "ह्याच्या मागे तुझं नाव लिहून ठेवतो."

"नाव कशाला? मला सगळा बाजार ओळखतो," ती म्हणाली. "सकाळचे सात वाजलेले, असं लिही."

डोंबिवली आली तेव्हा आम्ही दारापर्यंत पोहोचलोच होतो. मागच्या बायकांनी आम्हाला ढकलत खाली उतरवले. फोटोमागे मी काय लिहिले, ते घाईत लिहिल्यामुळे आता नीट वाचता येत नाही. 'सात' तेवढे स्पष्ट आहे.